राणी कुठे बसायची?

"अण्णा, राणी बारा वर्षं वाड्यात कोंडलेली होती, तर तिचे चार दिवस आले की ती कुठे बसायची?"

एवढं बोलून मी तोंड मिटलं आणि मला पहिल्यांदाच कळलं की देवळातला पंखा किती आवाज करतो.

प्रश्न माझा नव्हताच. अक्षदा आणि पूर्वाचा होता. आम्ही तिघी तेव्हा नववीत, एका बाकावर. पोथीचा अर्थ सांगणाऱ्या भिकाअण्णांनी पहिल्या दिवशी राणीच्या वाड्याच्या नऊ दारांचा अर्थ सांगताना दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, एक तोंड अशी बोटं मोजली होती आणि उरलेली दोन ज्याची त्यानं समजून घ्यावीत म्हणून घाईघाईनं पुढे सरकले होते. त्या उरलेल्या दोनांवरून आमचं हसणं तीन दिवस चाललं होतं. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत अक्षदा म्हणाली, तालुक्यात वक्तृत्वात पहिली आलीस ना, मग हे भर देवळात विचारून दाखव, नाहीतर महिनाभर आमची दप्तरं तू उचलायची. आणि मी त्या वर्षी अशी होते की कुणी नुसतं 'दाखव' म्हटलं तरी मी दाखवायचेच.

खांबाजवळ बसलेले बाजीरावआबा, म्हणजे देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष, मोठ्यांदा खाकरले. बायकांच्या बाजूला पदरांची सळसळ झाली. माझे बाबा जमिनीवरच्या फरशीचा तुकडा असा बघायला लागले, जणू तो आजच बसवलाय. भिकाअण्णा मात्र हसले नाहीत की रागावले नाहीत. मोतीबिंदूनं धुरकट झालेले डोळे माझ्या आवाजाच्या दिशेनं लावून ते म्हणाले, "प्रश्न चांगला आहे, समीक्षा. उत्तर नवव्या दिवशी."

आता मी बारावीत आहे. त्या वर्षी पुढे काय झालं ते आमच्या कोरेवाडीत अजून दोन प्रकारे सांगतात. मी माझ्यापुरतं सांगते, आणि नवव्या दिवसाच्या सकाळपर्यंतचंच.

आमच्या गावात श्रावणात नाथाच्या देवळात नऊ दिवस पोथी लागते. नऊ दारांची पोथी म्हणतात तिला. छापलेली नाही, एकच प्रत आहे, हातानं लिहिलेली, लाल फडक्यात बांधलेली. कुणी लिहिली ते कुणालाच माहीत नाही. एका राणीला राजा वाड्यात ठेवतो, नऊ दारांना बाहेरून कड्या घालतो आणि लढाईवर जातो तो बारा वर्षं येत नाही, अशी गोष्ट. रोज एक अध्याय, एक दार. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. शाळा सुटल्यावर साडेचारला बसायचं, साडेसहाला आरती. नियम थोडे, पण लोखंडी. वाचकानं पांढरे कपडे घालायचे. अध्याय संपेपर्यंत पाटावरून उठायचं नाही. आणि ज्यानं पहिला अध्याय उघडला त्यानंच नववा मिटायचा. वाचक मधे बदलला की पोथी खंडित, मग ती थेट पुढच्या श्रावणापर्यंत फडक्यात.

आधीचे वाचक दिनकर गुरुजी मुलाकडे राहायला गेले आणि पंचाईत झाली. त्या पोथीत दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, सगळी ओळ एकमेकीला चिकटलेली. कुठे तोडायचं हे कळलं नाही तर वाचणारा मुरमुरे चावल्यासारखा वाटतो. गावातल्या चार पोरांनी प्रयत्न केला आणि सोडला. मी मे महिन्यात भिकाअण्णांकडे जाऊन शिकले, कारण मला दुसरं काही करायला नव्हतं, आणि हे कारण मी बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. अण्णा शिंपी. शाळेचे गणवेश शिवायचे. पोथी त्यांना सगळी पाठ होती, पण ती बघून वाचायची असा रिवाज, आणि बघणं त्यांचं संपत आलं होतं.

त्या पाटावर आजवर बाई बसली नव्हती. बाजीरावआबांनी कमिटीत सरळ विचारलं की पोरगी आहे, नऊ दिवसांत मधेच अडचण आली तर काय करायचं. बाबा आमच्या गावच्या पोस्टात आहेत, दुसऱ्याची पत्रं पोचवण्यात आयुष्य गेलेलं, स्वतःसाठी कुणाशी भांडलेले मी बघितले नव्हते. त्या दिवशी उभे राहिले आणि म्हणाले, "येणार नाही. माझी जबाबदारी." तेव्हा मी किती खूश झाले होते म्हणून सांगू. त्या शब्दाला कडी आहे हे मला नंतर कळलं.

कारण घरी येऊन बाबा आईला एवढंच म्हणाले की तेवढं तू बघून घे. आणि आईनं मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. सगळ्याच बायका आणतात, लग्न असलं, सत्यनारायण असला की. माझ्या चुकीची गोष्ट इथे सुरू होते. त्या गोळ्यांनी मला मळमळायचं आणि पाटावर बसलं की ओळी हलायच्या. मग तिसऱ्या दिवसापासून मी गोळी जिभेखाली धरून परसात जायचे आणि जास्वंदीच्या कुंडीत पुरायचे. मला वाटलं, तारखेला अजून आठवडा आहे. त्या श्रावणात जास्वंदीला एकही फूल आलं नाही, पण त्याचा आणि गोळ्यांचा संबंध मी लावत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी पाळी आली.

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी सांगितलं तेव्हा तिनं हातातलं पीठ ताटात ठेवलं आणि तशीच बसून राहिली. मला वाटलं मारेल. माझी आई अंगणवाडी सेविका आहे. महिन्याच्या बैठकीत ती मुलींना सांगते की हे घाण नाही, हे शरीर आहे, लाजायचं नाही. मी स्वतः ऐकलंय, टाळ्या वाजवल्यात. तेच मी तिला म्हटलं.

"ते अंगणवाडीत," आई म्हणाली. "हे पोथीपुढं आहे." मग उठून तिनं दार लोटून घेतलं. "तू आज सांगितलंस तर पोथी खंडित. आबा म्हणतील, बघा, पोरीला बसवलं की असंच होतं. मग तुझ्यानंतर एकही पोरगी त्या पाटावर बसायची नाही. आणि तुझ्या बाबांची मान... तू वाचायचं. कुणाला बोलायचं नाही. बाबांनाही नाही, माझी शपथ आहे तुला. पाप लागायचं ते मला लागू दे."

त्या दिवशी मी पांढरा ड्रेस घालून पाटावर बसले. दोन तास. उठता येत नाही हे माहीत असलेले दोन तास वेगळे असतात. पुढे शंभर माणसं, त्यात आमच्या वर्गातली पोरं, बाजूला पूर्वा, मागे समई. पाचव्या अध्यायात राणी दारं ढकलून बघते, एक झालं की दुसरं, आणि प्रत्येक दारापाशी बाहेरच्या कडीचा आवाज ऐकते. मी वाचत होते आणि माझं सगळं लक्ष पाठीमागे, ड्रेसवर. समईची वात तडतडली तर वाटलं माझ्यामुळे. एका म्हातारीला ठसका लागला तर वाटलं माझ्यामुळे. देव समोर होता आणि मी त्याच्याकडे बघत नव्हते, आणि बघत नाही हे त्याला दिसतंय असंही वाटत होतं. आरती झाली, लोक पांगले, तरी मी उठले नाही. पायाला मुंग्या आल्यात म्हणाले. पूर्वा म्हणाली, आवाज का गं बसलाय, बर्फाचा गोळा खाल्लास ना माझ्याशिवाय.

सहाव्या दिवशी शाळेत असताना अण्णांचा निरोप आला: तुझ्या पांढऱ्या ड्रेसची उजवी बाही माझ्या हातून चुकीची शिवली गेलीय, घेऊन ये, तोवर दुसरा देतो. मी बाही उलटसुलट करून बघितली. तिला काहीही झालं नव्हतं.

अण्णांचं दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा आणि गणवेशाच्या निळ्या कापडाचा ढीग. मी ड्रेस दिला. त्यांनी गडद तपकिरी रंगाचा एक पंजाबी ड्रेस माझ्याकडे सरकवला आणि सांगितलं की कमिटीला मी सांगेन, शिंप्याची चूक आहे, वाचकाची नाही. मग सुई आणि दोरा पुढे केला. त्यांना ओवता येत नव्हतं, दुकानात येईल त्याच्याकडून ते चार-पाच सुया ओवून घ्यायचे आणि कॉलरला टोचून ठेवायचे.

मला एका झटक्यात ओवता येते. त्या दिवशी येईना. दोरा नेढ्याच्या बाजूनं जात राहिला.

"श्वास धरलायस," अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, सगळेच धरतात ओवताना.

"सुई ओवताना धरतात. कालचा सगळा अध्याय तू धरून वाचलास. मला दिसत नाही, पण ऐकू येतं ना. प्रत्येक ओवीच्या आधी तू दार लावून घेत होतीस."

मी विषय बदलायला म्हणून म्हटलं की माझ्या प्रश्नाचं उत्तर आत्ताच सांगा ना, नवव्या दिवसापर्यंत कशाला.

"मला माहीत असतं तर तिथंच सांगितलं असतं की."

"म्हणजे?"

"चाळीस वर्षं अर्थ सांगतोय बाळा. डोळ्यांचा सांगितला, कानांचा सांगितला. तू विचारलंस ते मला कधी सुचलंच नाही. बाप्यामाणूस, कशाला सुचेल. म्हणून मुदत मागितली." ते जरा हसले. "तुलाही मुदत आहे. शोध."

मी विचारलं, शोधू कुठे. त्यांनी सहाव्या अध्यायातली ओवी म्हटली, जी मी त्याच संध्याकाळी वाचणार होते. मे महिन्यात मी ती वीस वेळा वाचली होती:

नऊ दारां घातली कडी । राणी आंत दोरा सोडी ।
येणें जाणें घडोघडी । तेचि वाट ॥

लोक या ओवीचा सरळ अर्थ घेतात. राणीनं गवाक्षातून दोरा खाली सोडला, दासी त्याला भाकरी बांधायची, दोरा खाली-वर व्हायचा, राणी जगली. अण्णाही लोकांना तेवढंच सांगत, कारण लोकांना भाकरीची गोष्ट आवडते. त्या दिवशी ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या वाड्यात राणी एकटी आणि तिच्या हातात एकच दोरा. तिला कुणी शिकवला नाही, कुणी आणून दिला नाही. झोपली तरी येतो जातो. दार लावणाऱ्यालाही तो अडवता येत नाही. काय असेल तो?"

माझं लक्ष माझ्या नाकाकडे गेलं होतं. हवा आत जाताना गार होती आणि बाहेर येताना कोमट. बास, एवढंच. मी तिच्याकडे बघत राहिले, बघत राहिले, आणि कधीतरी हाताकडे लक्ष गेलं तर दोरा नेढ्यातून पलीकडे गेलेला.

"बाहेर जायची वाट नाही म्हणत पोथी," अण्णा म्हणाले. "येणं-जाणं हीच वाट, म्हणते. वाट कुठं नेते ते ती सांगत नाही. मी पण सांगू शकत नाही. मी अर्थ सांगतो, बाकी ज्याचं त्यानं."

त्या संध्याकाळी मी तपकिरी ड्रेसमध्ये पाटावर बसले. आबांनी कपाळाला आठी घातली, अण्णांनी शिंप्याची चूक सांगितली, आठी गेली. मी पोथी उघडली आणि पहिल्या ओवीआधी दोरा एकदा आत येऊ दिला आणि एकदा बाहेर जाऊ दिला. भीती गेली असं मुळीच झालं नाही. पोटात दुखत होतं, ते दुखतच राहिलं. मागची समई, पुढची पोरं, आईचा बायकांतून माझ्यावर रोखलेला चेहरा, सगळं होतं. पण ते सगळं दारांपाशी होतं आणि मी मधे बसले होते. मला पाटाचा गारवा कळत होता, नारळाच्या शेंडीचा वास कळत होता, आणि चिकटलेल्या ओळी जिथे सुटायला हव्यात तिथे आपोआप सुटत होत्या. ती ओवी आली तेव्हा मी थांबले. मुद्दाम नाही. थांबले तेवढ्यात देवळातल्या शंभर माणसांचा श्वास मला ऐकू आला. खोटं सांगत नाही. पंख्याच्या आवाजाखाली, समुद्रासारखा. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता, पण असाच असणार.

मी इतकी शांत आयुष्यात कधी नव्हते. घरी येऊन पोटभर जेवले. आईला वाटलं, संकट टळलं. मलाही वाटलं.

सातव्या दिवशी अक्षदा माझ्या शेजारी नव्हती. अध्याय सुरू करताना नजर वर केली तर ती दिसली, पार बाहेर, चपला काढतात त्याच्या पलीकडे लिंबाखाली एक लांब दगड आहे, त्यावर. तिच्या बाजूला सुताराची सून आणि आणखी एक बाई. अक्षदानं मला हात केला आणि चार बोटं दाखवून तोंड वाकडं केलं. म्हणजे तिचीही आली होती.

आरतीनंतर मी तिच्याकडे गेले. ती म्हणाली, तुझा आवाज मस्त येतो इथपर्यंत, फक्त अण्णांचा अर्थ ऐकू येत नाही, वारा घेऊन जातो. मग म्हणाली, तुझं बरंय बाई, तुझी अजून लांब आहे ना.

मी हो म्हटलं.

माझ्या सख्ख्या मैत्रिणीला, जिनं मला तो प्रश्न दिला तिला, मी त्या दगडासमोर उभी राहून हो म्हटलं. आणि दोरा अडकला. त्यानंतर घरी, अंथरुणात, शाळेत, मी श्वासाकडे बघायचे आणि मला तो दगडच दिसायचा. मी आत बसून नऊ दारांची गोष्ट वाचत होते आणि बाहेर त्या दगडावर रोज कुणी ना कुणी बसलेलं असायचं. पहिल्या दिवसापासून. मी कधी बघितलंच नव्हतं. आठव्या दिवशी वाचताना मात्र बघितलं. अक्षदा एका कानामागे हात धरून पुढे वाकून ऐकत होती.

आणि मग मी मोजलं. बाबांचा शब्द ही एक कडी. आईची शपथ ही दुसरी. अण्णांची बाही, ती सगळ्यात मऊ, पण तीही कडीच. सगळ्यांनी मला वाचवायला घातलेल्या. आणि लिंबाखाली म्हटलेलं माझं 'हो'. ती मी स्वतः घातली होती, आतून.

नवव्या दिवशी सकाळी अण्णांनी पांढरा ड्रेस परत पाठवला. शाळेला सुट्टी होती. बाबा पलंगावर चादर अंथरून त्या ड्रेसला इस्त्री करत होते. समाप्तीला तालुक्याहून माणसं येणार होती आणि बाबांना आईच्या हातची इस्त्री पटत नाही. रेडिओ चालू होता. आई बंबातलं पाणी काढत मला हळूच म्हणाली, "न्हाऊन घे. आज तुझा पाचवा दिवस. डोक्यावरून पाणी घेतलंस की झालं, सुटलो. आता कुणाला काही कळायचं नाही."

ते खरं होतं. एकदा न्हायलं की प्रश्नच मिटत होता. पोथी अखंड, बाबांचा शब्द अखंड, पुढच्या पोरीचा पाट शाबूत. आणि पुढच्या पोरीच्याही घरी कुणीतरी गोळ्या आणणार, दार लोटून घेणार.

मी न्हाणीत गेले नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन रेडिओ बंद केला. बाबांनी वर बघितलं. आई मागून आली, तिच्या हातात तांब्या होता आणि ती मान हलवत होती, नको, नको. मी एक श्वास येऊ दिला. गार. एक जाऊ दिला.

"बाबा, पाचव्या दिवशी माझी पाळी आली. चारही दिवस मी वाचलं. आईनं गोळ्या दिल्या होत्या, मी त्या कुंडीत टाकल्या, म्हणून तिला बोलायचं नाही."

इस्त्री ड्रेसवर तशीच राहिली. आईनं पुढे होऊन ती उचलली.

"तू हे आज सांगतेस," बाबा म्हणाले. आवाज पोस्टातला, हळू. "आज संपत होतं सगळं."

"आज संपत नाही म्हणूनच सांगतेय. भिकाअण्णांना माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय ना, ते त्यांना माहीत नाही. मला सापडलंय. राणी कुठेच बसायला गेली नाही, बाबा. नऊच्या नऊ दारं लावलेली होती, तिला बाहेर असं काही नव्हतंच. ती होती तिथेच बसली आणि तिचा दोरा चालू राहिला. तो त्या चार दिवसांत थांबला असता तर राणी मेली असती."

तांब्यातलं पाणी आईच्या पायावर सांडत होतं आणि तिला ते कळत नव्हतं.

"मी आज पाटावर बसेन. पोथीचं फडकं सोडायच्या आधी हे उत्तर सांगेन, मग माझे चार दिवस सांगेन. मग आबांनी उघडू दिली तर नववा अध्याय वाचेन. नाही दिली तर उठून लिंबाखाली अक्षदाशेजारी जाऊन बसेन आणि पाठ आहे तेवढा तिथूनच म्हणेन. पण लपवून वाचणार नाही. तो ड्रेस द्या, बाबा. पांढराच घालणार आहे."